हेडफोनचे इअरपॅड बदलताय? आधी फट शोधा

माझ्या जुन्या क्लोज्ड-बॅक (मागून बंद कपच्या) हेडफोनच्या पॅडची साल निघायला लागली होती, मुंबईच्या दमट हवेत पीयू लेदरचं, म्हणजे नकली चामड्याचं, हे कधी ना कधी होतंच, आणि आई रोज विचारायची कानाला हे काळं काय लागलंय. मग ऑनलाइन मऊमऊ वेलोरचे (मखमलीसारख्या कापडाचे) जाड पॅड मागवले, हौसेने बसवले, लावणी लावली तर ढोलकी शेजारच्या बिल्डिंगमध्ये वाजतेय की काय असं वाटलं! हेडफोन बिघडला नव्हता, पॅडमधून हवा निसटत होती.

कारण पॅड म्हणजे नुसती गादी नव्हे. ड्रायव्हर (कपमधला छोटा स्पीकर), पॅड आणि कान मिळून एक बंद डबी होते आणि बेस, म्हणजे खालचे स्वर, त्या डबीतल्या हवेच्या दाबावर चालतो, फट पडली की दाब गेला, बेस गेला, आणि मग वरचे स्वर उगाच टोचायला लागतात, खरं तर ते वाढलेले नसतात. गुळगुळीत लेदर घट्ट बसतं, वेलोर थोडी हवा सोडतं आणि वरचे स्वर थोडे पितं. दुसरी गोष्ट अंतराची. जाड पॅडने ड्रायव्हर कानापासून लांब जातो, आवाज मोकळा वाटतो. पॅड चपटा झाला की उलटं, म्हणूनच सेनहायझर एचडी ६०० वापरणारे लोक नवीन पॅड लावले की म्हणतात हेडफोनच बदलला.

आता कामाला लागू.

१. आधी सील तपासा, म्हणजे पॅड कानाभोवती घट्ट बसतो का ते. फोनवर ५० हर्ट्झचा टोन लावा, आवाज कमी ठेवा, आणि दोन्ही कप तळव्यांनी हळूच दाबा. क्लोज्ड-बॅकमध्ये दाबल्यावर गुरगुर एकदम वाढली तर फट आहे. मग चष्मा काढून परत बघा, निम्म्या वेळा गुन्हेगार चष्म्याची काडीच असते आणि लोक उगाच पॅडवर पैसे घालतात.

२. माप घ्या. कपचं माप, जुन्या ताणलेल्या पॅडचं नाही. पॅड बसतो कसा तेही बघा. बायरडायनॅमिक डीटी ७७० ला पॅडची मागची झालर कपच्या खाचेत सरकवायची असते, एचडी ६०० ला प्लास्टिकची रिंग क्लिक होते.

३. बसवताना घाई नको. झालर एका जागी खाचेत घालून अंगठ्याने धरून ठेवा आणि तिथून गोल फिरत जा, शेवटच्या दोन इंचांना जुनं एटीएम कार्ड कामी येतं. स्क्रू ड्रायव्हर अजिबात नको, एकदा सटकला की आतला पातळ पडदा गेला.

४. ऐकायची माझी आवडती युक्ती: नवा पॅड एकाच बाजूला लावा, फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ (दोन्ही कानांत एकच आवाज) चालू करा आणि एक गाणं पूर्ण ऐका. जुना-नवा फरक एकाच वेळी दोन कानांत. मग हेडफोन उलटा घालून परत ऐका, म्हणजे आपल्याच एका कानाला कमी ऐकू येतंय का हेही कळतं (मला कळलं, जाऊ दे).

५. आवडलं नाही तर पॅडमध्ये फेरफार. आतल्या कडेला भोकं असतील तर अर्धी टेपने बंद करा, बेस वाढतो. मेडिकलमधली मायक्रोपोर टेप हवा थोडी जाऊ देते, पूर्ण बंद हवं असेल तर इलेक्ट्रिकची टेप. वरचे स्वर टोचत असतील तर ड्रायव्हरसमोर टिश्यूचा एक पातळ पदर. पॅडच्या मागे फोमची पट्टी घातली की अंतर वाढतं. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही.

ओपन-बॅकमध्ये (मागून उघड्या कपच्या हेडफोनमध्ये) सीलचा हिशोब वेगळा. सेनहायझरच्या १९६८ च्या एचडी ४१४ ला पिवळे फोमचे पॅड असतात, ग्राडो कंपनीचे हेडफोन वापरणारे ते आपल्या हेडफोनला लावतात आणि मधोमध अमेरिकन क्वार्टर नाण्याएवढं, साधारण २४ मिलिमीटरचं, भोक पाडतात. त्याने ड्रायव्हरसमोरचा फोम निघून जातो आणि वरचे स्वर मोकळे होतात. बस, कात्री एवढीच लागते.

नॉइज कॅन्सलिंगवाल्याला (बाहेरचा गोंगाट कमी करणाऱ्या हेडफोनला) मात्र शक्यतो हात लावू नका, कपच्या आतला माइक मूळ पॅड धरूनच जुळवलेला असतो, पॅड बदलला की कॅन्सलिंगही बिघडू शकतं.

माझ्या वेलोरचं पुढे काय झालं? कापड थोडं सरकवून फोमच्या आतल्या कडेला टेप गोल फिरवली, एका रविवारची दुपार गेली, पहिल्यांदा सुरकुती पडली म्हणून सगळी काढून परत लावली. ढोलकी शेजारच्या बिल्डिंगमधून निदान आमच्या जिन्यापर्यंत आलीय, आणि आईची तक्रार बंद झालीय.