कोलायटिस किंवा क्रोन्स असेल तर लसी कधी आणि कशा घ्याव्यात

अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स, म्हणजे आतड्याला वारंवार सूज येणाऱ्या आजाराचं निदान झालं की घरात पहिली चर्चा पथ्याची होते. दूध बंद करायचं का, भाकरी चालेल का, तिखट किती. लसीचा विषय निघतो तो बहुधा इन्फ्लिक्सिमॅब या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची तारीख ठरल्यावर, आणि तोवर काही लसींची वेळ टळून गेलेली असते. आज मेसालामाईनसारख्या सौम्य औषधावर बरं वाटत असलं तरी पुढे जोरदार औषध लागणारच नाही, असं कुणी सांगू शकत नाही. म्हणून निदान होताच पोटाच्या डॉक्टरांकडे लसींची चौकशी करा.

१. आधी औषध पाहा

लसीचं गणित आजारापेक्षा औषधावर ठरतं. नुसतं मेसालामाईन किंवा सल्फासॅलॅझीन चालू असेल तर प्रतिकारशक्ती दबत नाही. इतर अडचण नसेल तर कोणतीही लस चालते. रोज २० मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेड्निसोलोन (स्टेरॉइड) दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ चालू असेल, किंवा ॲझाथायोप्रिन, मेथोट्रेक्सेट, इन्फ्लिक्सिमॅब, ॲडालिमुमॅब, टोफासिटिनिब यांपैकी काही चालू असेल, तर जिवंत लस टाळतात.

जिवंत लसीत कमजोर केलेला पण जिवंत जंतू असतो. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, पीतज्वर, बीसीजी आणि तोंडावाटे दिला जाणारा पोलिओ डोस या जिवंत लसी. फ्लूचं इंजेक्शन, न्यूमोनिया, हिपॅटायटिस बी, धनुर्वात, एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू) यांच्या लसींत जिवंत जंतू नसतो, त्यामुळे औषध चालू असतानाही त्या घेता येतात. फक्त तेव्हा शरीर प्रतिसाद जरा कमी देतं. लसीने कोलायटिस उफाळतो ही भीती मात्र मनातून काढून टाका. अभ्यासांत तसं दिसलेलं नाही.

२. जुनं कार्ड, मग रक्त

लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड सापडलं तर उत्तम. नसेल तरी एक अंदाज बांधता येतो: हिपॅटायटिस बीची लस सरकारी कार्यक्रमात देशभर पोहोचली ती २०११च्या सुमारास. त्याआधी जन्मलेल्या पुष्कळ जणांनी ती घेतलेलीच नाही. त्यासाठी तीन तपासण्या एकदम होतात: एचबीएसएजी (विषाणू आत्ता शरीरात आहे का), अँटी-एचबीसी (कधी संसर्ग झाला होता का) आणि अँटी-एचबीएस (संरक्षण आहे का). शरीरात दडून असलेला हा विषाणू प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाने पुन्हा जागा होऊ शकतो, म्हणून लस घ्यायची नसली तरी ही तपासणी टाळू नका. कांजिण्या येऊन गेल्या की नाही हे आईलाही आठवत नसेल, तर त्याचीही रक्ततपासणी होते.

इन्फ्लिक्सिमॅब, ॲडालिमुमॅब अशा बायोलॉजिकल औषधाआधी क्षयाची तपासणी होतेच. गोवराची लस घ्यायची असेल तर ही तपासणी आधी किंवा त्याच दिवशी उरका. लस आधी टोचली गेली तर क्षयाच्या तपासणीसाठी चार आठवडे थांबावं लागतं, नाहीतर रिपोर्ट फसवा येऊ शकतो.

३. जिवंत लसी औषधाच्या आधी

शेवटचा डोस आणि औषधाचा पहिला दिवस यांत किमान चार आठवडे हवेत. गोवर आणि कांजिण्या दोन्हींचे दोन-दोन डोस असतात, तेही किमान चार आठवड्यांच्या अंतराने. म्हणजे दोन महिने हाताशी लागतात. आजार जोरात असेल, रक्त पडत असेल, तर लसीसाठी औषध अडवू नये. औषध कायमचं बंद झालंच, तर जिवंत लसीपूर्वी साधारण तीन महिने जाऊ द्यावे लागतात.

४. बाकीच्या लसी

हिपॅटायटिस बीचे डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांत अँटी-एचबीएस पाहा. १०च्या खाली असेल तर पुन्हा डोस लागतात. ही तपासणी सर्रास राहून जाते, तेव्हा आपणच आठवण करावी.

न्यूमोनियासाठी जंतूच्या २० प्रकारांवरची लस एकदाच, किंवा १३ प्रकारांची आणि तिच्यानंतर किमान आठ आठवड्यांनी २३ प्रकारांची. फ्लूची लस दरवर्षी. आपल्याकडे पावसाळ्यात फ्लू वाढतो, त्यामुळे मे महिन्यात घेतलेली बरी. एचपीव्हीसाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक आहे. प्रतिकारशक्ती दबलेली असेल तर कमी वयातही तीन डोस घेतात.

नागिणीचा धोका या औषधांनी, विशेषतः टोफासिटिनिबने, वाढतो. वेढा पूर्ण झाला की माणूस दगावतो ही समजूत खोटी आहे, पण नंतर महिनोन्महिने राहणारी आग खरी आहे. शिंग्रिक्स ही लस २०२३पासून भारतात मिळते. जिवंत नाही, दोन डोस आहेत आणि महाग आहे.

५. खोका वाचून घ्या

एकाच आजारावर दोन्ही प्रकारच्या लसी मिळतात. हिपॅटायटिस एची जिवंत लस आपल्या बाजारात आहे आणि मृतही आहे. मेडिकलवाला हातात देईल ती न घेता खोक्यावर ‘लाइव्ह’ लिहिलंय का ते बघा. फ्लूचंही तसंच: नाकात फवारायची लस जिवंत असते, तुम्हाला इंजेक्शन हवं.

६. बाळंतपणाआधी बालरोगतज्ज्ञांना सांगा

इन्फ्लिक्सिमॅब किंवा ॲडालिमुमॅब घेणाऱ्या आईकडून शेवटच्या तिमाहीत ते औषध वारेतून बाळात जातं आणि काही महिने राहतं. आपल्याकडे बीसीजी आणि पोलिओचे थेंब जन्मानंतर लगेच, घरी सोडण्याआधीच दिले जातात. सिस्टर कुणाला विचारत बसत नाही. अशा बाळाला बीसीजी दिल्यावर लसीतलाच जंतू अंगभर पसरून मृत्यू झाल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. बीसीजी किमान सहा महिने पुढे ढकला, पोलिओसाठी इंजेक्शन विचारा, रोटाव्हायरस या जुलाबाच्या विषाणूवरच्या लसीचं डॉक्टरांशी बोलून ठरवा. हिपॅटायटिस बीचा जन्मतःचा डोस मात्र द्यायचाच. हे सगळं प्रसूतीच्या फाईलवर पहिल्या पानावर ठळक लिहून घ्या.

७. अचानक आलं तर

कुत्रा चावला तर रेबीजची लस लगेच. ती जिवंत नाही. पण चालू औषधांची नावं सांगा, कारण प्रतिकारशक्ती दबलेली असेल तर किरकोळ ओरखड्यालाही लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन लागतं. केनियाच्या सफारीचा बेत असेल तर तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना विचारा: डासांमुळे पसरणाऱ्या पीतज्वराची लस जिवंत आहे, आणि ती घेता येत नसल्याचा दाखला मिळाला तरी डास चावायचे थांबत नाहीत.