रीफ टाकीत कोण कोणासोबत नांदेल?

दुकानात निळाशार मासा दिसला की आधी पाकीट उघडतं आणि विचार घरी आल्यावर सुरू होतो. रीफ टाकीत, म्हणजे प्रवाळ आणि मासे एकत्र ठेवायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, क्रम उलटा ठेवा. कोळंबी, शंख, मऊ प्रवाळ यांतलं काय हवं ते आधी ठरवा, मग त्यांना न खाणारे मासे शोधा. इथे तीन फुटी, साधारण २०० लिटरची टाकी धरली आहे.

१. आवडीची यादी लिहा आणि निर्दयपणे कापा. प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहा: पूर्ण वाढ किती, खातो काय, जागेवरून भांडतो का. दुकानातला दोन बोटांएवढा ब्लू टँग ३० सेंटीमीटरपर्यंत वाढतो, तो बाद. लायनफिश कोळंबी गिळतो, ट्रिगरफिश शंख फोडतो, बहुतेक बटरफ्लायफिश प्रवाळ कुरतडतात. मँडरिन मासा दिसायला पैठणीच्या पदरासारखा, पण दिवसभर कोपेपॉड, म्हणजे कोळंबीच्या जातकुळीतले बारीक जिवंत जीव, टिपत राहतो. नव्या टाकीत ते पुरत नाहीत आणि तो उपाशी मरतो. बुटका एंजलफिश प्रवाळाला तोंड लावेल की नाही, हे आणल्यावरच कळतं. मी तो जुगार खेळत नाही.

२. कायदा बघा. भारतात दगडी प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्री घोडे आणि समुद्री काकड्या यांना २००१ पासून वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. मालवणच्या खडकांवरचा प्रवाळाचा तुकडाही उचलून आणायचा नाही. बाकी जीव घेताना बिल मागा.

३. आता जोड्या जमवा. सुरुवातीला ऑसेलारिस क्लाउनफिश, शक्यतो टाकीतच पैदास झालेले. दोन छोटे घ्या, एक थोडा मोठा. सगळे जन्मतः नर असतात; वरचढ ठरतो तो मादी होतो आणि भांडण मिटतं. त्यांच्यासाठी समुद्रफूल (अ‍ॅनिमोन, निसर्गात ते ज्याच्या आसऱ्याने राहतात तो जीव) आणायचा मोह आवरा. ते जागा बदलत फिरतं, वाटेतल्या प्रवाळांना डंख करतं आणि कधी पंप-पंख्यात सापडतं. क्लाउनफिशचं त्याच्यावाचून काही अडत नाही.

माझी सगळ्यात आवडती जोडी पिवळा वॉचमन गोबी आणि पिस्तूल कोळंबीची. कोळंबीला नीट दिसत नाही, पण ती बीळ खणते; गोबी दाराशी पहारा देतो. तिची मिशी त्याच्या अंगाला टेकलेली असते. धोका दिसला की तो शेपूट हलवतो आणि दोघं आत. गोष्टीतल्या आंधळ्या-पांगळ्यासारखा संसार! यांना बारीक वाळू लागते, आणि दगड वाळूवर न ठेवता थेट काचेच्या तळावर बसवा, नाहीतर खणण्याने ढिगारा कोसळतो.

सोबत एक फायरफिश, एक रॉयल ग्रामा आणि क्लीनर कोळंबी. एवढे पुरे. स्वस्त म्हणून निळा डॅमसेल घेऊ नका. तो लहान असला तरी टाकी स्वतःच्या बापाची समजतो. शंखात राहणारे खेकडे आणलेत तर मोठे रिकामे शंखही टाका, नाहीतर ते घरासाठी जिवंत गोगलगायी मारतात.

४. सोडण्याचा क्रम पाळा. नव्या टाकीत अमोनिया आणि नायट्राइट ही माशांना घातक द्रव्यं शून्यावर यायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. घाई नको. तपकिरी शेवाळ दिसू लागलं की आधी गोगलगायी, मग कोळंब्या, मग गरीब स्वभावाचे मासे. ग्रामासारखा हद्द राखणारा सगळ्यात शेवटी. दोन खरेदींमध्ये तीन-चार आठवडे जाऊ द्या.

नवा मासा आधी वेगळ्या टाकीत महिनाभर ठेवा. पांढरे ठिपके दिसले तर तांब्याचं औषध तिथेच द्या. मुख्य टाकीत गेलं तर कोळंब्या आणि शंख मरतात. कोळंबीला खारेपणातला फरक सोसत नाही, म्हणून नळीने थेंबथेंब टाकीचं पाणी मिसळत तासाभराने सोडा.

५. वर जाळी बसवा. फायरफिश घाबरला की सरळ टाकीबाहेर उडी मारतो. बारीक जाळी लावा, वायरींसाठी सोडलेली फटही बुजवा. काचेचं झाकण नको. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाणी तापतं, आणि ते २५-२७ अंशांवर राखायला चिलरची (पाणी थंड करणाऱ्या यंत्राची) आधीच दमछाक होते.