‘ळ’चा ‘ल’ होतोय? घरीच पक्का करा

घरी मराठी, शाळेत हिंदी, अशा इंदुरी मुलाचा ‘ळ’ बरेचदा ‘ल’ होतो. प्रमाण हिंदीत तो ध्वनीच नाही. आधी कान तयार करा, पाटी नंतर. ‘काल–काळ’, ‘वेल–वेळ’ म्हणा. ‘ळ’ आला की मुलानं टाळी द्यायची. रोज पाचच मिनिटं, ताणलं की मूल अंदाजपंचे टाळ्या देतं.

मग आरसा. ‘ल’ला जीभ दातांमागे टेकते, ‘ळ’ला टोक टाळूकडे वळून खाली आपटतं.

शेवटी न, म, क, ळ यांची कार्डं: नळ, मन, कमळ. अक्षरं सुटी वाचून जोडली की ‘नळऽ’ होतं. शेवटचा ‘अ’ गिळायला शिकवा. ‘घ’ आणि ‘ध’ दिसायला सारखे, त्यांची कार्डं मात्र एकाच आठवड्यात नकोत.

‘चमचा’ आणि ‘चहा’तला ‘च’ वेगळा, पण अक्षर एकच. तो ऐकूनच येतो.