फिबोनाचीच्या आकड्यांचे पॅटर्न स्वतः करून बघा, आणि ते का जमतात तेही

१, १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४... मागच्या दोघांची बेरीज म्हणजे पुढचा आकडा, नियम एवढाच. नाव इटलीतल्या फिबोनाची या गणितज्ञाचं पडलं कारण त्याने १२०२ मध्ये हे पुस्तकात लिहिलं, पण त्याच्या आधीच आपल्याकडच्या जैन पंडित हेमचंद्राने कवितेतल्या लघु-गुरू अक्षरांच्या मात्रा मोजताना हेच आकडे काढले होते, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. नुसतं वाचू नका, कागद पेन घ्या.

सगळ्यात आधी दहाची बेरीज. कुठलेही दोन आकडे घ्या, समजा ३ आणि ४, आणि त्याच नियमाने दहा आकडे होईपर्यंत लिहीत जा: ३, ४, ७, ११, १८, २९, ४७, ७६, १२३, १९९. आता दहाही मिळवत बसायची गरज नाही, सातवा आकडा घ्या आणि ११ ने गुणा, ४७ गुणिले ११ म्हणजे ५१७, झाली बेरीज! का जमतं? आकड्यांऐवजी अ आणि ब लिहून बघा. तिसरा अ+ब, चौथा अ+२ब, असं करत सातवा येतो ५अ+८ब, आणि दहांची बेरीज येते ५५अ+८८ब, म्हणजे बरोब्बर त्याची अकरा पट.

दुसरा माझा सगळ्यात आवडता, यासाठी चौकटीचा कागद लागेल. १ चा चौरस काढा, त्याला चिकटून अजून एक १ चा, मग जो आयत झाला त्याच्या लांब बाजूवर २ चा, पुन्हा नव्या लांब बाजूवर ३ चा, मग ५, मग ८. प्रत्येक वेळी लांब बाजू ही मागच्या दोन चौरसांच्या बाजूंची बेरीज असते ना, म्हणून पुढचा चौरस तिथे अगदी फिट बसतो, फट राहतच नाही. शेवटी ८ बाय १३ चा आयत तयार होतो. म्हणजे सगळ्या चौरसांची क्षेत्रफळं मिळवली तर १+१+४+९+२५+६४ = १०४ = ८×१३, एक अक्षर न लिहिता सिद्ध!

आता ओळीतले लागोपाठचे तीन घ्या, ५, ८, १३. कडेच्यांचा गुणाकार ६५, मधल्याचा वर्ग ६४. पुढचे तीन ८, १३, २१ घेतले तर १६८ आणि १६९. फरक कायम १ चा, फक्त एकदा जास्त एकदा कमी. हे तिघे अ, ब, अ+ब आणि पुढचे तिघे ब, अ+ब, अ+२ब असे मांडून दोन्ही फरक सोडवा, दुसरा फरक पहिल्याच्याच उलट चिन्हाचा निघतो. म्हणजे सुरुवात कुठल्याही दोन आकड्यांनी केली तरी त्या एका ओळीत फरकाचा आकडा हलत नाही, फक्त तो १ च असेल असं नाही: २, ५, ७, १२, १९ वर करून बघा, तिथे प्रत्येक वेळी ११ येतो.