ग्रीक शुभवर्तमानाच्या हस्तलिखिताचा काळ पुष्पिकेवरून कसा काढावा

कोकणात ज्यांच्या घरी माळ्यावर पोथ्या आणि मोडी दस्त जपलेले आहेत, त्यांना मध्ययुगीन ग्रीक शुभवर्तमानाचे हस्तलिखित वाटते तितके परके नाही. अनेक ग्रंथालयांनी अशा हस्तलिखितांची छायाचित्रे खुली केलेली आहेत. मात्र पावसाळ्यात आपल्याकडे विजेचा भरवसा नसतो, म्हणून शेवटची दहा-बारा पाने आधीच उतरवून घ्यावीत.

प्रथम अक्षरे आखणीला कशी लागून आहेत ते पाहावे. चर्मपत्रावर बोथट टोकाने, शाईविना ओढलेली रेघ बारकाईने पाहिल्यास दिसते. मोडीप्रमाणे अक्षरे त्या रेघेला खाली लटकलेली असतील, तर लेखन बहुधा दहाव्या शतकातले किंवा त्यानंतरचे असते.

पोथीच्या शेवटी जशी शके आणि संवत्सर सांगणारी पुष्पिका असते, तशीच ती येथेही शोधावी. वर्ष जगाच्या उत्पत्तीपासून मोजलेले असते आणि अंकांच्या जागी अक्षरे असतात. सेंट पीटर्सबर्गच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील उस्पेन्स्की शुभवर्तमानाच्या पुष्पिकेत ७ मे ही तिथी आणि ६३४३ हे वर्ष आहे: स्टिग्मा म्हणजे ६०००, ताउ ३००, म्यू ४० आणि गॅमा ३. यातून ५५०८ वजा केले की इसवी सन ८३५ मिळते. त्यांचे वर्ष १ सप्टेंबरला सुरू होत असल्याने सप्टेंबर ते डिसेंबरमधील तिथीसाठी ५५०९ वजा करावेत. शकाचा इसवी सन काढताना आपण महिना पाहून ७८ किंवा ७९ मिळवतो, तोच हा विचार आहे.

संवत्सराच्या नावाने जशी शकाची खातरजमा होते, तशी येथे इंडिक्शन या पंधरा वर्षांच्या चक्राने होते, आणि ही पायरी कधीही गाळू नये असे मला मनापासून वाटते. जगाच्या वर्षाला १५ ने भागून उरणारी बाकी म्हणजे इंडिक्शन. बाकी शून्य आल्यास १५ धरावे. ६३४३ ची बाकी १३ येते आणि पुष्पिकेतही १३ च आहे. मेळ बसला नाही, तर अस्पष्ट अक्षर पुन्हा वाचावे. मेळ बसला तरीही पुष्पिकेचे हस्ताक्षर आणि शाई मजकुराशी ताडून पाहावी, कारण काही लेखकांनी आधीच्या प्रतीची पुष्पिका तिच्या वर्षासह जशीच्या तशी उतरवलेली आहे. अशा वेळी आखणी आणि अक्षरवळण यांचाच आधार घ्यावा.