उबुंटूवर सेटअप करताना या चुका टाळा

नव्या लॅपटॉपवर उबुंटू (लिनक्सवरची ऑपरेटिंग सिस्टिम) टाकलं की पहिल्याच दिवशी पोरांना 'लेटेस्ट' पायथॉन (प्रोग्रामिंगची भाषा) हवं असतं. कळकळीने सांगतो, सिस्टिमसोबत आलेल्या पायथॉनला हात लावू नका. उबुंटूची स्वतःची कितीतरी कामं त्याच्यावर चालतात.

आमच्या टीममध्ये नव्याने आलेल्या एका मुलाने उबुंटू 20.04 वर 'पायथॉन 3' ची लिंक, म्हणजे ही कमांड दिल्यावर कोणती आवृत्ती चालेल ते ठरवणारी खूण, 3.8 वरून 3.10 कडे वळवली. झालं, टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडेना. आयकॉनवर क्लिक केलं की कर्सर जरा वेळ फिरायचा आणि थांबायचा. एररसुद्धा नाही! उबुंटूत टर्मिनल सुरू करणारी स्क्रिप्टच पायथॉनमध्ये आहे, आणि तिला लागणारं मॉड्यूल 3.8 साठी बनवलेलं. याला वाटलं जुनं पायथॉनच आडवं येतंय, म्हणून एडिटरमधल्या टर्मिनलमधून ते काढायला घेतलं. काय काय उडणार याची लांबलचक यादी ॲप्टने (उबुंटूत सॉफ्टवेअर टाकणारी-काढणारी कमांड) दाखवली होती. त्यात 'उबुंटू-डेस्कटॉप' हे डेस्कटॉपच्या पॅकेजचं नाव स्पष्ट होतं. त्याने न वाचता 'वाय' दाबलं. रीबूट केल्यावर काळ्या स्क्रीनवर नुसतं लॉगिन.

फक्त लिंक बदलली असेल तर कंट्रोल-ऑल्ट-एफ3 दाबून कन्सोलवर (नुसत्या मजकुराच्या स्क्रीनवर) जा आणि ती परत मूळ आवृत्तीकडे फिरवा. नवी आवृत्ती हवी तर मी पायएन्व्ह (पायथॉनच्या अनेक आवृत्त्या वेगळ्या ठेवणारं साधन) वापरतो, आणि दर प्रोजेक्टला वेगळं व्हेन्व्ह, म्हणजे त्याच्या पॅकेजेसचा स्वतंत्र कप्पा. उबुंटू 23.04 पासून सिस्टिमच्या पायथॉनमध्ये पॅकेज टाकायला पिप (पायथॉनची पॅकेजेस टाकणारं साधन) स्वतःच नकार देतं. तरी लोक 'ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस' हा पर्याय जोडून पुढे जातात. अहो, नावातच लिहिलंय काय होणार ते!

दुसऱ्याची बॅशआरसी (टर्मिनल उघडताना वाचली जाणारी सेटिंगची फाइल) अख्खी उचलून आणणं हाही असाच घाईचा प्रकार. त्यातल्या निम्म्या ओळी कळत नसतात, मग बिघडलं की शोधायचं कुठे? मी एका वेळी एकच ओळ घेतो आणि ती कशासाठी घेतली ते शेजारी कॉमेंटमध्ये लिहितो. बदल करताना दुसरं टर्मिनल उघडं ठेवतो. पाथमध्ये (कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायच्या त्या यादीत) नवा फोल्डर लिहिताना जुना पाथ जोडायचा राहिला, तर नव्या टर्मिनलमध्ये फाइलींची यादी दाखवणारी साधी 'एलएस' कमांडसुद्धा सापडत नाही. अशा वेळी ते उघडं टर्मिनलच कामी येतं.

बॅशआरसीत स्वागताचा मेसेज छापू नका, त्या मशीनवर एससीपीने (नेटवर्कवरून फाइल कॉपी करणारी कमांड) फाइल पाठवताना गोंधळ होतो.

एसएसएचच्या (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करायचं साधन) खाजगी कीच्या फाइलला 777, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी दिलीत तर एसएसएच ती वापरणारच नाही. 600 ठेवा, म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल.

कॉन्फिगच्या फाइली गिटहबवर (कोड ठेवायची साइट) टाकताना त्यात टोकन (पासवर्डसारखी गुप्त किल्ली) गेलं, तर फाइल डिलीट करून भागत नाही, ते जुन्या बदलांच्या हिस्टरीत राहतं. आधी टोकन रद्द करून नवं घ्या, हिस्टरीची साफसफाई नंतर.