बंदूक हातात घेताना: "रिकामीच आहे" हे वाक्य कधी खरं मानू नका

कोणी हातात बंदूक दिली आणि "रिकामीच आहे रे" म्हणाला, तर ती भरलेली आहे असंच समजायचं. अगदी तुमच्या डोळ्यांसमोर रिकामी करून दिली तरी स्वतः परत बघायचं. समोरच्याला काय वाटेल वगैरे सोडा, सवय असलेल्या माणसाला त्याचं काही वाटत नाही, उलट न बघता घेतली तर तो बिचकतो.

घेतानाच नळी सुरक्षित दिशेला आणि बोट ट्रिगर गार्डच्या (ट्रिगरभोवतीच्या कड्याच्या) बाहेर, फ्रेमवर म्हणजे बंदुकीच्या सांगाड्यावर सरळ ठेवलेलं. दचकलं, पाय अडखळला की मूठ आपोआप आवळते, ते आपल्या हातात नसतं, म्हणून बोट आधीच बाहेर पाहिजे. सुरक्षित दिशा म्हणजे चुकून गोळी सुटलीच तरी कोणाला लागणार नाही अशी. घरातली पातळ भिंत किंवा दरवाजा यात धरू नका, गोळी आरपार जाते. आणि सेफ्टी (गोळी सुटू नये म्हणून असलेला खटका) लावलीय म्हणून निर्धास्त राहू नका, तो पण एक पार्टच आहे, कधीतरी दगा देतोच.

आता रिकामी कशी करायची, इथे क्रम महत्त्वाचा. पिस्तूल असेल तर आधी मॅगझिन (मुठीत बसणारी गोळ्यांची डबी) काढायचं, मगच स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) मागे ओढायची. उलटं केलं तर काय होतं बघा: स्लाइड ओढली, चेंबरमधली (नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते त्या घरातली) गोळी टण्णकन बाहेर पडली, पण स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधली पुढची गोळी आत ढकलली गेली, मग तुम्ही मॅगझिन काढलं आणि आता हातात "रिकामं" पिस्तूल आहे ज्यात एक गोळी बसलीय! म्हणून मॅगझिन बाहेर, स्लाइड दोन-तीनदा ओढायची, मागे लॉक करायची, चेंबरमध्ये डोळ्याने बघायचं आणि करंगळी घालून चाचपायचं. रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर उघडून सगळी घरं बघायची. पंप शॉटगनच्या नळीखालच्या ट्यूबमध्ये काडतूस राहून जातं, तिथे पण बघा.

शॉटगनचंच अजून एक, 12 आणि 20 गेजची (गेज म्हणजे नळीच्या रुंदीचं माप) काडतुसं एका खिशात कधीच ठेवू नका. 20 चं काडतूस बारीक असतं, ते 12 च्या नळीत आत सरकून अडकतं, वरून 12 चं बसतं आणि उडवलं की नळी फुटते. 20 गेजची काडतुसं पिवळी करतात ती म्हणूनच.

रेंजवर (नेमबाजीच्या मैदानावर) ट्रिगर दाबला आणि बार उडालाच नाही तर लगेच उघडून बघायला जाऊ नका, कधीकधी तो उशिरा उडतो. नळी टार्गेटकडेच ठेवून निदान 30 सेकंद थांबा, मग रिकामी करा. आणि नेहमीच्या धडाऐवजी नुसतं फुस्स झालं तर तिथेच थांबा, गोळी नळीत अडकलेली असू शकते, पुढची मारली तर बंदूकच फुटेल.

टार्गेटच्या मागे काय आहे ते पण बघायचं. पॉइंट 22 ची (साधारण 0.22 इंच जाडीची) चिमुकली गोळी दीड मैल, म्हणजे जवळपास 2.4 किलोमीटर जाऊ शकते, गोळ्यांच्या बऱ्याच डब्यांवर तसा इशाराच छापलेला असतो. दगड आणि पाण्यावरून पण ती उसळते.

बंदूक हातातून निसटली तर पडू द्या. झेलायला गेलं की बोट नेमकं ट्रिगरवर जातं. ओरखडा पडला तर पडला.

कानांवर आवाज अडवणारं काहीतरी आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा घातल्याशिवाय रेंजवर उभं राहू नका, बहुतेक बंदुकांचा आवाज 140 डेसिबलच्या वर जातो आणि गेलेलं ऐकू परत येत नाही.

घरी साफ करताना गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा, टेबलावर एकही नको. ठेवताना बंदूक रिकामी करून कुलपात आणि गोळ्या वेगळ्या कुलपात, किल्ली स्वतःजवळ. कपाटाच्या वरच्या खणात कपड्यांखाली लपवली म्हणजे झालं असं समजू नका, पोरांना त्या सगळ्या जागा पाठ असतात. हे सगळं झालं की साबणाने हात धुवा, शिसं लागलेलं असतं, त्याच हाताने लगेच काही खाऊ नका.